साळिंदराने काढलेली नाती

एका जंगलात रस्ता आधी आला, बाळांनो. त्या रस्त्यावरून कसे जावे याची अक्कल मागून येणार होती. ती अजून वाटेत आहे.

रस्ता आला तशा गाड्या आल्या, आणि गाड्या आल्या तशी भांडणे आली. पूर्वी गवा आणि रानडुक्कर समोरासमोर आले तर नुसते फुरफुरत आणि आपापल्या वाटेने जात. आता ते हॉर्न वाजवत, खाली उतरत आणि एकमेकांचे खानदान काढत. माकडे झाडावर जागा धरून बसत. भांडण रंगले की हळूच खाली येऊन दोन्ही गाड्यांमधले सामान नेत.

शेवटी घुबडगुरुजींनी वडाखाली सभा घेतली. सभा भर दुपारी होती, त्यामुळे गुरुजींना श्रोते दिसत नव्हते. ते वडाच्या खोडाकडे तोंड करून म्हणाले, "कोणी अंगावर आले तर काच वर घ्या. नजरेला नजर देऊ नका. गाडी उजेडात आणि घरासमोर लावा. आणि काही झाले तरी किल्ली अनोळखी प्राण्याच्या हातात देऊ नका."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाताना तीन ठिकाणी भांडणे केली.

नियम पाठ केले ते एकट्या दौलतरावांनी. दौलतराव म्हणजे जांभळीखालचे साळिंदर. स्वभावाने लोणी. पण एक पंचाईत होती. घाबरले की त्यांचे काटे आपोआप उभे राहत आणि समोरच्याला वाटे, हा अंगावर येतोय. त्यामुळे दौलतराव जितके भ्यायचे तितके भांडखोर दिसायचे. गाडीच्या सीटची तर चाळण झाली होती. शेजारपाजारच्यांनी काचेतून डोकावून खात्री केलेली आहे.

गाडी काही त्यांनी हौस म्हणून घेतली नव्हती. त्यांची लेक शेवंती पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली होती. वैद्यबाई अस्वलीण राहायची टेकडीपलीकडे. दौलतरावांची बायको हौसाबाई म्हणाली, "वेळ आली की पोरीला काय चालवत नेणार?" एवढ्यासाठी गाडी.

आणि गाडी आणल्याच्या तिसऱ्याच दिवशी ओढ्याच्या पुलावर ती खंडेराव रानडुकराच्या गाडीला घासली.

खंडेराव खाली उतरले. दौलतरावांनी काच वर घेतली, ती निम्म्यातच अडकली. नजर खाली घातली, तर काटे वर आले.

"काटे दाखवतोस? उतर खाली!" खंडेराव गुरगुरले.

 भीतीने दौलतरावांच्या तोंडून निघाले तेच, जे त्यांच्या बापजाद्यांच्या तोंडून निघत आले होते.

"पाव्हणं, गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

खंडेराव थबकले. "खालचा पाणवठा. का?"

"पाणवठ्याला आमची मावशी दिलीय. करंजाखाली."

"करंजाखाली म्हणजे सोनाक्का?"

"तीच की! पुढचे दोन दात नाहीत."

"अहो, सोनाक्कानं आमच्या बायकोला लेक मानलंय!"

"मग आमच्या मावशीचे जावई तुम्ही. म्हणजे आमचे दाजी!"

खंडेरावांनी तिथेच मिठी मारली. काटे टोचले, पण सोयऱ्याचे काटे कोण मोजतो? झाडावरची माकडे उपाशी परत गेली.

दौलतरावांना गुरुकिल्ली सापडली. पुढच्या आठवड्यात गव्याने कट मारला, तर तो मामेसासऱ्यांकडून व्याही निघाला. अरुंद वळणावर भेकर आडवे आले, ते चुलत आत्याचे दीर निघाले. जंगलात दौलतरावांएवढे सुरक्षित कोणी नव्हते. घुबडगुरुजींनी पुढच्या सभेत त्यांचा नारळ देऊन सत्कार केला.

एका तरसापुढे मात्र डाळ शिजली नाही. हा तरस कुठून आला, कोणाचा कोण, कोणाला ठाऊक नव्हते. रोज सकाळी वळणावर तो गाडी घेऊन दौलतरावांना आडवा यायचा.

"पाव्हणं, गाव कुठलं?" दौलतराव विचारायचे.

"तुझ्या बापाला काय करायचंय?"

"नाही, म्हटलं कुठे नातं लागतं का..."

"नातं मागनं लाव! आधी इंडिकेटर लाव, काटेकुंड्या!"

रोज पाच मिनिटे भांडण व्हायचे. मग दोघे आपापल्या कामाला जायचे. दौलतरावांच्या मनाला ही एकच रुखरुख होती.

इकडे नाती घरी येऊ लागली. खंडेराव दाजी दर रविवारी कुटुंबासह जेवायला येत आणि आपली गाडी जांभळीखाली, दौलतरावांच्या जागेवर लावत. दुसऱ्या कोणाला "गाडी काढा" म्हणता आले असते. दाजींना कसे म्हणणार? दौलतराव आपली गाडी लांब, करवंदीच्या जाळीत, अंधारात लावून येत. गवा व्याही जेवण झाले की त्या गाडीच्या बॉनेटवर पाठ घाशीत. तेही आपलेच.

"तुमचं एकदा भांडण झालेलं परवडलं असतं," हौसाबाई कढी वाढता वाढता म्हणाली.

"हळू बोल. दाजी ऐकतील."

"ऐकू द्या. चार वाट्या कढी पिऊन ऐकतायत."

एका रविवारी दाजी हात धुऊन म्हणाले, "मेव्हणं, किल्ली द्या बघू. आमच्या गाडीत डिझेल नाही. पाणवठ्यावरून एक चक्कर मारतो आणि आणून लावतो."

दौलतरावांना नियम तोंडपाठ होता. किल्ली अनोळखी प्राण्याला देऊ नये. पण दाजी अनोळखी नव्हते. त्यांनी किल्ली दिली.

सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी सकाळी शेवंतीला कळा सुरू झाल्या.

दौलतराव धापा टाकत पाणवठ्यावर गेले. दाजी चिखलात लोळत होते. "गाडी होय? गवा व्याह्यांना दिली. आपलेच की ते."

दौलतराव गव्याकडे पळाले. गवा रवंथ करीत म्हणाला, "माकडांकडं वरात होती, त्यांना दिली. घाटाखाली गेली असंल. काळजी नको, आपलेच आहेत."

आजवर माकडांना गाडीतले सामान न्यायलाही भांडण रंगायची वाट पाहावी लागायची. या वेळी त्यांना किल्ली मिळाली होती.

वाटेत पोलीसपाटील कोल्हा भेटला. दौलतरावांनी त्याला सगळे सांगितले. त्याने वही उघडली, ऐकून घेतले आणि मिटली. "चोरीच्या तक्रारीला चोर लागतो, दौलतराव. हे तर सगळे तुमचे पाहुणे. नातं कोणी काढलं?"

"मीच."

"मग?"

दौलतराव रडत रडत घराकडे निघाले. रस्त्याच्या मधोमध पळत होते, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. एवढ्यात करकचून ब्रेक लागला. गाडीचे तोंड त्यांच्या काट्यांना टेकले. आतून तरसाने डोके बाहेर काढले.

"मरायचंय का रे, काटेकुंड्या? आता गाडी नाही तर स्वतःच आडवा येतोस?"

दौलतरावांचे काटे उभे राहिले, पण त्यांना त्याचे भान नव्हते. "पोरीला कळा लागल्यात," ते म्हणाले. "गाडी पाहुण्यांनी नेली."



"किल्ली दिलीस?" तरसाने विचारले.

"दिली."

"मूर्ख आहेस. बस."

तरस जांभळीपर्यंत शिव्या देत आला. शेवंतीला मागे बसवली, हौसाबाईला शेजारी. टेकडी चढताना तो दौलतरावांच्या सात पिढ्यांवर घसरला, पण खड्डे सगळे चुकवले. शेवंती कण्हली की तो शिवी अर्धी सोडून गाडी हळू करायचा. ती गप्प झाली की उरलेली पुरी करायचा.

वैद्यबाईच्या दारात गाडी पोचली आणि घटकाभरात शेवंतीला मुलगी झाली. मऊ काट्यांची, हातभर आवाजाची. 

तरस बाहेर सीट बघत उभा होता. सीटला तिघांची मिळून दीडशे भोके पडली होती.

"नवी सीट टाकून दे," तरस गुरगुरला.

"देतो."

"आणि उद्या वळणावर इंडिकेटर लाव."

"गाडी आली की लावतो." दौलतरावांनी डोळे पुसले. आभार मानायचे तर त्यांना एवढेच बोलता येत होते. "पाव्हणं, खरं सांगा, गाव कुठलं तुमच..."

"खबरदार!" तरस ओरडला. "नातं काढलंस तर पुढच्या बाळंतपणाला येणार नाही."

तात्पर्य : रस्त्यात भांडण निघाले तर ते नाते काढून मिटवू नये, नीट भांडून घ्यावे. चोरासाठी बाजारात कुलूप मिळते, दाजींसाठी अजून निघालेले नाही. आणि अडीनडीला उपयोगी पडावा म्हणून एक तरी शत्रू जपून ठेवावा.