छत्तीस हजार वाचकांचं पुस्तक

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ ज्ञानकंदील सार्वजनिक वाचनालय आहे आणि ते ‘ब’ वर्गात आहे. ‘ब’ वर्गात टिकायचं तर रोज चाळीस पुस्तकांची देवघेव झाली पाहिजे, असा वरचा दंडक. लोक रोज येतात, नाही असं नाही. पेपर वाचतात, पंख्याखाली बसतात, शब्दकोडं सोडवतात आणि तेवढा तुकडा फाडून नेतात. पुस्तकं मात्र आठवड्याला दीड जातात. दीड म्हणजे एक जातं आणि दुसरं दारापर्यंत जाऊन परत येतं.

अशा वेळी ग्रंथपाल अनंताने काय करावं? आधीच्या ग्रंथपालाने जे केलं तेच. संध्याकाळी सहाला देवघेवीची वही उघडायची, सभासदांच्या यादीतली चाळीस नावं ओळीने उतरवायची आणि प्रत्येक नावापुढे पुस्तकाचा नंबर टाकायचा. याला खोटेपणा म्हणत नाहीत. याला ‘वही पूर्ण करणं’ म्हणतात.

आधीचा माणूस हौशी होता, निरनिराळे नंबर टाकायचा. अनंतानेही आठ वर्षं तेच केलं, मग त्याचं मनगट दुखायला लागलं. त्याने एकच नंबर धरला, इंग्रजी आकड्यांतला एकशे अकरा. तीन काठ्या मारल्या की पुस्तक गेलं. हे एकशे अकरा म्हणजे कुठलं पुस्तक, ते बघायची त्याला कधी गरज पडली नाही. वहीलाही पडली नाही.

तीन वर्षं सुखात गेली. मग वरच्या कार्यालयाने सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या, आणि कॉम्प्युटरला काही लाजलज्जा नसते. त्याने सांगून टाकलं, की १८९४ साली छापलेला ‘नैतिक आणि धार्मिक इंग्रजी कवितांचा संग्रह, भाग दुसरा’ भिवंडीत तीन वर्षांत छत्तीस हजार वेळा वाचला गेला. प्रत एक. वाचनालय उघडं राहतं आठ तास. म्हणजे दर बारा मिनिटांनी एक भिवंडीकर इंग्रजी कवितेतून नीती आणि धर्म शिकून बाहेर पडत होता.

तुम्हाला वाटेल, वर कुणाला तरी शंका आली असेल. छे! वरून अभिनंदनाचं पत्र आलं. यंत्रमागांच्या खडखडाटात एवढं नैतिक वाचन होतं हे भूषणावह असून, वाचनालयाला ‘आदर्श नैतिक वाचनालय’ घोषित करण्याचं विचाराधीन आहे. त्यासाठी अधिकारी वल्लरी मॅडम प्रत्यक्ष पडताळणीला येतील. ग्रंथ आणि त्याचे तीन वाचक हजर ठेवावेत. पडताळणी झाल्यास ग्रंथपाल कायम. न झाल्यास वाचनालय ‘क’ वर्गात आणि ग्रंथपालाचं पद व्यपगत.

अकरा वर्षं तात्पुरता असलेल्या अनंताने ‘व्यपगत’ हा शब्द दोनदा वाचला. मग घरी जाऊन बायकोला सांगितला.

“म्हणजे काय?” सरलाने विचारलं.

“म्हणजे खुर्ची जाते.”

“मग लागा राहनाळला गोडाऊनमध्ये. तिथे वहीत लिहितात ती खोकी निदान खरोखर जातात-येतात.”

दुसऱ्या दिवशी अनंताने चार नंबरचं कपाट उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकशे अकराला हात लावला. जाडजूड कातडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. उघडायला गेला तर पहिलं पान उघडलं आणि पुढची उघडेनात. वरून आणि बाजूने पानं एकमेकांना जोडलेली होती, लिफाफ्यासारखी.

त्याने अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्ष भाऊ, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“अरे अनंता, जुन्या काळी मोठा कागद छापून घड्या घालायचे आणि तसाच शिवायचे. मग वाचणाऱ्याने सुरी घेऊन बसायचं. वाचत जायचं, कडा कापत जायचं.”

“म्हणजे एकशे तीस वर्षांत हे कुणीच वाचलेलं नाही?”

“असं कसं? मी तीस वर्षं भाषणात यातल्या ओळी म्हणतोय.”

“कुठनं वाचल्यात भाऊ?”

भाऊंनी थोडा विचार केला. “फटीतून,” ते म्हणाले.

बाकावर पेपर वाचत बायडी बसली होती. पाड्यावरची बाई, पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये खोकी फोडायच्या कामाला. सुट्टीच्या दिवशी न चुकता यायची आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची. त्या अर्थी ती वाचनालयाची एकुलती एक वाचक होती. ती उठून आली, पिशवीतून खोकी फोडायचं पातं काढलं.

“सरका अनंतादादा. दोन मिन्टात मोकली करते समदी पानं.”

“अगं ए! थांब!” भाऊ ओरडले. “दुर्मिळ ग्रंथ आहे तो! पान कापलं तर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. वरून लेखी परवानगी लागते.”

“मग मागा ना.”

परवानगी मागायची म्हणजे काय लिहायचं? छत्तीस हजार वेळा वाचलेलं पुस्तक वाचता यावं म्हणून फाडायची परवानगी मिळावी? अनंताने तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. ते फाडायला मात्र परवानगी लागली नाही.

पडताळणीच्या दिवशी तीन वाचक बसवले. एक स्वतः भाऊ. दुसरा राहनाळचा लडकू, गोडाऊनवरचा वॉचमन. वहीत त्याने पुस्तक एकेचाळीस वेळा नेलेलं. तिसरा येतो म्हणाला आणि आलाच नाही, तेव्हा बाकावरच्या बायडीला खुर्चीत बसवलं. तिच्या नावावर सतरा वेळा होतं. अनंताने तिला हात जोडून सांगितलं, “मॅडमनी विचारलं तर ‘फार बोधप्रद आहे’ म्हण. बाकी काही नको.”

वल्लरी मॅडम आल्या. चहा झाला. त्यांनी लडकूला विचारलं, “यातली कुठली कविता आवडली?”

“सगळ्याच मॅडम,” लडकू म्हणाला. “एक झाकावी नि दुसरी काढावी.”

“अर्थ कळतो?”

“अर्थ साहेबलोकांचा. आपण भाव घ्यायचा.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग भाऊ उभे राहिले आणि पंधरा ऑगस्टला आणि शोकसभेला ज्या दोन ओळी म्हणतात त्याच डोळे मिटून म्हणाले. फोटो निघाला.

“आणि ताई, तुम्ही? सतरा वेळा वाचलंत! काय मिळालं?”

बायडीने अनंताकडे पाहिलं. अनंता फरशीकडे बघत होता.

“मी एकदा बी न्हाय वाचला,” बायडी म्हणाली. “इंग्रजी येत न्हाय मना. अन् ह्या पुस्तकाची पानं त जोडलेली हायेत. कोनीच न्हाय वाचला.”

अनंताला डोळ्यांपुढे राहनाळची खोकी दिसायला लागली. मॅडमनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“वा!” त्या म्हणाल्या. “बघा, याला म्हणतात परिणाम. सतरा वेळा वाचूनही ‘मी वाचलं नाही’ म्हणायला केवढी नम्रता लागते!”

“नम्रता न्हाय, मॅडम. खरं सांगते.”

“आणि सत्यवचनसुद्धा!” मॅडमनी दोन्ही गुण वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले.

मग त्यांनी ग्रंथ हातात घेतला. उघडायला गेल्या. उघडला नाही. त्यांनी बोट घालून पाहिलं, आणि तेवढ्यात पहिल्या पानावर चिकटवलेला तपासणीचा कागद त्यांना दिसला. अकरा वर्षांचे अकरा शेरे होते, ‘ग्रंथ पान न् पान तपासला, सुस्थितीत’. अकरावी सही त्यांचीच होती.

मॅडमनी ग्रंथ हळूच मिटला. खरं तर तो मिटलेलाच होता.

“अनंतराव, किती जपून वाचतात हो तुमचे लोक! छत्तीस हजार वेळा वाचला, एक पान हललं नाही.”

“संस्कार आहेत मॅडम,” भाऊ म्हणाले.

पडताळणी पूर्ण झाली. अनंता कायम झाला. पेपरात बातमी आली, बायडीच्या फोटोखाली ‘सतरा पारायणं करणारी नम्र वाचक’ असं छापलं. ग्रंथ काचेच्या पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं आणि जास्त वाचनाने तो जीर्ण होऊ नये म्हणून यापुढे देऊ नये, असा आदेश आला.

पुढच्या सुट्टीला बायडी आली. सरळ टेबलाशी.

“अनंतादादा, पाड्यावर समदी इचारतान काय लिवलाय त्या पुस्तकान. आता वाचून दाव मना. भाऊ अर्थ सांगतील.”

“देता येत नाही गं. आदेश आहे.”

“मग वाचनार कोन?”

“आता कुणी वाचायची गरजच नाही. सगळ्यांचं वाचून झालंय.”

बायडीने त्याच्याकडे एवढा वेळ पाहिलं, की कायम झालेल्या माणसाला तात्पुरत्यासारखं वाटायला लागलं. मग ती बाकावर जाऊन पेपर वाचत बसली.

पेटीजवळ आता एक नवी वही असते. ‘मी हा ग्रंथ वाचला’ आणि खाली सह्या. शाळांच्या सहली येतात, नगरसेवक येतात, नवरा-नवरी लग्नानंतर पाया पडून जातात, सगळे सही करतात. बायडीची तेवढी नाही. अनंताने तीनदा पेन पुढे केलं, तिने तीनदा मागे सारलं.

तुम्ही कधी धामणकर नाक्याला आलात तर डोकावा. संकोच करू नका. पुस्तकाचं नाव तुम्हाला कळलंय, साल कळलंय, ते किती जणांनी वाचलं, कुणी तपासलं, कुठल्या कपाटात होतं, सगळं कळलंय. त्यातली एक तरी कविता काय म्हणते, हे इथवर येईपर्यंत तुम्ही विचारलंत का? नाही ना?

मग या. तुमचीही सही चालेल.