बुधवारचं जपान

बुधवारी संध्याकाळी आमच्या लाईनीतले दिवे पिवळे पडले, की समजायचं, कोल्हेकाका गोळे भाजायला बसले.

नुसते दिवे पिवळे पडून भागत नसे. पंखे रेंगाळायला लागत, रेडिओचा आवाज घोगरा होई, आणि पुढे घरोघरी टीव्ही आले तेव्हा तर चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसून चांगल्या भरल्या अंगाच्या नट्या काडीसारख्या दिसू लागत. बोरगाव मेघे गावातल्या आमच्या घरांच्या लाईनीला एकाच खांबावरून वीज आलेली. काकांचा तो गोल, अॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला ओव्हन एकदा सुरू झाला की बाकीच्या घरांच्या वाट्याला उरलीसुरली वीज येई. माझी बायको सुमन बल्बाकडे बघून म्हणायची, "झालं, काकाचं जपान सुरू झालं!"

कोल्हेकाका आमचे सख्खे शेजारी. नोकरी सरकारी, कोंबड्यांच्या खात्यात. आडनाव कोल्हे आणि सरकारनं हवाली केल्या कोंबड्या, यावरचे सगळे विनोद त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षात ऐकून संपवले होते. नवा माणूस ओळख होताच हसायला लागला की तेच हात वर करत, "झाला, झाला. समजला मले. पुढं बोला."

सत्तरच्या दशकात खात्यानं त्यांना काही महिने जपानला धाडलं. कशासाठी, तर एक दिवसाचं पिल्लू कोंबडा आहे की कोंबडी, हे ओळखायला शिकण्यासाठी. ही विद्या जपान्यांची. पिल्लू उचलायचं, शेपटीखाली नजर टाकायची आणि या टोपलीत नाहीतर त्या टोपलीत टाकायचं. काका ही विद्या घेऊन परत आले आणि साऱ्या गावात ती बातमी झाली. मागच्या लाईनीतली एक आजी तर पोटुशी सून घेऊनच त्यांच्या दारात हजर झाली.

"पाहून सांगा न जी, पोरगा का पोरगी?"

"आजी," काका हात जोडून म्हणाले, "मी अंड्यातून बाहेर आल्यावर पाह्यतो. अन् बाहेर आल्यावर तं तुम्हालेबी दिसन!"

इतकं कोंबड्यांत आयुष्य घालवून हा माणूस कोंबडी मात्र कधी खात नसे. लग्नाच्या पंगतीत कुणी रस्सा वाढायला आला की ताटावर हात आडवा धरून म्हणत, "नाई बाप्पा. ओळख हाय." म्हणून त्यांचे गोळे बकऱ्याच्या खिम्याचे.

हे गोळे त्यांनी जपानहून आणले. म्हणजे कृती आणली. तिथे ते एका म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहत. पहिले पंधरा दिवस हा माणूस नुसता भात आणि मीठ खाऊन होता. शेवटी एका आडवारी संध्याकाळी म्हातारीनं खिम्याचे गोळे केले, वर काळा, गोडसर, चकचकीत रस ओतला आणि थाळी यांच्यापुढे सरकवली. काका मला सांगत, "मास्तर, भाषा नाई, देव नाई, वळखीचं कोणी नाई. अन् ते बुढी समोर बसून हातानं दाखोते, खा, खा म्हणून. म्या रडत रडत खाल्ले." त्या प्रकाराचं नाव तेरियाकी. आमच्या लाईनीतली पोरं त्याला 'तेरी-मेरी' म्हणत.

काकांचं पालुपद एकच, "एकदम सोपं हाय!" सायकलचं पंक्चर काढणं, मुलीचं लग्न ठरवणं, परदेशात भाताबरोबर मीठ खाऊन जगणं, सगळंच एकदम सोपं. गोळेही सोपेच. "हापिसातून आलं, खिमा मळला, भाजला, खाल्ला. अर्ध्या घंट्याचं काम!" प्रत्यक्षात दुपारच्या सुट्टीतच ते सायकल हाणत खाटकाकडे जात. संध्याकाळी पाट्यावर आलं-लसूण वाटायचा, पावाचा चुरा करायचा, खिमा मळायचा आणि मग गोळे वळायचे. सगळे एका मापाचे. एखादा मोठा झाला तर हातात उचलून असा निरखत, की आता हाही कुठल्यातरी टोपलीत जाणार असं वाटावं. मग गूळ, सोया सॉस आणि आल्याचा रस आटवायचा. तो गोळ्यांवर लावायला दाढीचा ब्रश होता. कोरा, वेगळा ठेवलेला. ओळखायला दांडीला लाल दोरा. तरी एकदा अदलाबदल झालीच, आणि त्या बुधवारी गोळ्यांना साबणाचा आणि गुरुवारी काकांच्या गालांना लसणाचा वास आला.

खरी अडचण सोया सॉसची. ती बाटली नागपूरहून आणावी लागे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. एकदा एसटीत तपासणी झाली आणि हवालदारानं काकांच्या पिशवीतून ती काळी बाटली बाहेर काढली. बूच उघडून वास घेतला. समजेना. बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि काकांकडे बराच वेळ कीव आल्यासारखं पाहिलं. "एवढं खारट पिऊन चढते का हो कोणाले?" असं म्हणून त्यानं बाटली परत दिली. वास्तविक जपानात त्या रसात तांदळाची दारूसुद्धा घालतात. काका त्याऐवजी गुळाचं पाणी घालत. "कायदा म्हणजे कायदा. मी मनातल्या मनात बुढीची माफी मांगून घेतो."

आता बुधवारच का? तर सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा, शनिवार मारुतीचा. रविवारी पाहुणेरावळे. उरला बुधवार. ही सारी वाटणी शांताकाकूंची. काकू म्हणजे काकांची बायको. लहानखुऱ्या चणीची, जन्मात कधी मांसमच्छीला न शिवलेली. ओव्हनाला स्वयंपाकघरात थारा नव्हता. तो ओसरीवर. काका ओसरीत मोडक्या खुर्चीवर, काकू उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत, आणि मधे तो उंबरा. ओव्हनाचं झाकण अध्येमध्ये उघडायचं नाही, असा काकांचा नियम. "वाफ गेली का जपान गेलं!" म्हणून गोळे भाजले जाईपर्यंत दोघं तशीच बसून राहत. आमची ओसरी लागूनच, त्यामुळे दर बुधवारी हा संवाद मला फुकट ऐकायला मिळे.

"यात सांभार नाई टाकला?" काकू विचारत. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात.

"नाई टाकत."

"तिखट?"

"नाई."

"मंग हे खाणं कायचं? दवाई हाय का?"

"एक खाऊन तं पाय."

"नाई."

"वास तं घे."

"वास सारी लाईन घेऊन राह्यली. मायं नाक का बाजाराले गेलं?"

"वर गेल्यावर देव विचारन, शांते, नवऱ्यानं जपान दाखवलं का? काय सांगशीन?"

"सांगीन, दाखवलं नाई, नुसतं भाजलं!"

मग काका खो खो हसत. झाकण उघडलं की पहिला गोळा बशीत घालून उंबऱ्यापाशी नेत. "खाऊन तं पाय, शांते." काकू मान फिरवत. "तुमचं जपान तुमच्याच ताटात राहू द्या." मग ती बशी आमच्या ओसरीच्या कठड्यावरून माझ्याकडे येई आणि मी एका घासात ते जपान संपवून टाकी. सुमन खात नाही, म्हणून तिच्या वाट्याचेही मलाच. गोळे फर्मास होत, हे मी शपथेवर सांगतो. काकूंनी एकदा तरी खावा, ही काकांची एवढी एकच इच्छा होती आणि ती साऱ्या लाईनीला ठाऊक होती.

टीव्ही आले आणि बुधवारची गाणी आक्रसायला लागली, तेव्हा लाईनीची सभा भरली. बोलायला मला पुढे केलं. मास्तर म्हणून अशा वेळी माझीच मान पुढे जाते.

"काका, हे गोळे रॉकेलच्या स्टोव्हवर, तव्यात नाही का होणार?"

"होतात नं."

"तुमची जपानची म्हातारी कशात करायची?"

"तव्यातच." काका जमिनीकडे पाहू लागले. "पाच मिन्टात होत तिचे."

"मग?"

"तव्यावर मजा नाई मास्तर."

"बुधवार अन् ओव्हन सोडून काईबी मांगा," म्हणाले आणि आत जाऊन गोळ्यांची परात घेऊन आले. तोंडं भरलेली असताना ठराव कसा करणार? सभा संपली.

मग एका वर्षी पोळ्यानंतर काकू आजारी पडल्या आणि दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही. भिलाईहून मुलगी आली, महिनाभर राहिली, बापाला सोबत चला म्हणून पुष्कळ विनवून रडत परत गेली. काका हापिसात जाऊ लागले. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, हसत. दूधवाल्याला "एकदम सोपं हाय" सुद्धा म्हणाले. आम्हाला वाटलं, सावरले.

फक्त बुधवारी दिवे पिवळे पडेनात. पांढराशुभ्र उजेड, पंखे गरगर फिरतायत, टीव्हीतल्या नट्या पुन्हा अंगानं भरलेल्या. इतकी वर्षं आम्ही हेच मागत होतो. पहिल्या बुधवारी आम्ही गाणी शेवटपर्यंत पाहिली. पुढच्या बुधवारी गाणी ऐन रंगात असताना सुमन उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. "जा न जी, पाहून या," ती मला म्हणाली.

काका ओसरीत त्याच खुर्चीवर बसले होते. ओव्हनावर खोळ होती. जुन्या लुगड्याची, काठ खाली येईल अशी बेतून शिवलेली. नावं ठेवत ठेवत काकूंनीच ती शिवली होती.

"काका, आज बुधवार."

"मालूम हाय."

"खिमा घेऊन येऊ का मी?"

"कोणासाठी?"

"मी आहे ना खायला."

"तेच तं मास्तर," काका म्हणाले. "तुम्ही खाता. बशी पुढं केली का तुम्ही खाता. नाई म्हणणारं माणूस पाह्यजे नं समोर."

मी खाली पायरीवर टेकलो. मग ते आपणहूनच बोलू लागले.

"तव्यावर पाच मिन्टात होते, हे मले का समजत नाई? पण तव्यापाशी उभं राहा लागते. ओव्हनात टाकलं का घंटाभर काई काम नाई. शांता तिथं बसे, मी इथं. आठ दिवसात तेवढंच. सारा दिवस तिचा चुलीत जाये, माया कोंबड्यात. मले दुसरं काई बोलाले येत नाई, मास्तर. त्या बुढीनं मले 'खा' म्हटलं, तेवढंच शिकून आलो. मी खा म्हणो, ते नाई म्हणे. झाली आमची गोष्ट." मग उंबऱ्याकडे पाहत म्हणाले, "एखांद्या बुधवारी तिनं खाल्ला असता तं मंग म्या पुढच्या बुधवारी काय म्हटलं असतं?"

मला रडू आलं. ते लपवायला मी चप्पल शोधू लागलो. चप्पल पायातच होती.

घरी येऊन मी सगळं सुमनला सांगितलं. पुढच्या बुधवारी मी शाळेतून आलो तर बाई घरात नाही. ओसरीत येऊन पाहतो तर काकांच्या उंबऱ्याच्या आत, सुपात तांदूळ घेऊन बसलेली. शेजारी, स्वतःच्या हातानं कधी खिम्याला न शिवलेल्या त्या बाईनं खाटकाकडून आणलेली पुडी, पिशवीत पिशवी घालून लांब सरकवून ठेवलेली.

"काका," ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, "मी तुमचे गोळे खाणार नाई. आधीच सांगून ठेवते."

काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, नाकही पुसलं.

"एक खाऊन तं पाय, बेटा."

"नाई."

"एकदम सोपं हाय."

"नाई म्हणते नं!"

काका उठले. ओव्हनावरची खोळ काढली, नीट घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मी पाट्यावर लसूण वाटायला बसलो, आणि चुकीचा वाटतोय म्हणून लगेच बोलणी खाल्ली.

दिवेलागणीला आमच्या लाईनीतले सगळे बल्ब पिवळे पडले. टीव्हीतल्या नट्या पुन्हा काडीसारख्या झाल्या. पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "कोल्हेसाहेब, बसले का?"

"बसलो नं बाप्पा!" काका ओसरीतून ओरडले, आणि उंबऱ्याकडे वळून म्हणाले, "वास तं घे."