शिंपिणीचा दर आणि माकडाचं मानधन

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं ठरलं होतं. यातल्या मोराला वाईट वाटेल, असं आत्या म्हणते. पण मोर दुसऱ्यांच्या गोष्टी वाचत नाहीत, म्हणून सांगते.

तर बाळांनो, एका जंगलात गाणी शेंगांत भरून विकत. वाळकी शेंग हलवली की गाणं ऐकू येई. बारा शेंगांचा एक अल्बम. तो ठेवायला पानाचं पाकीट लागे, आणि ते शिंपिणीसारखं कोणालाच जमत नसे. शिंपीण म्हणजे चोचीने पानं शिवणारा अंगठ्याएवढा पक्षी.

एकदा नीलकंठबुवा मोर तिच्याकडे आले. बुवांचा आवाज कसा होता ते मी सांगणार नाही. त्यांना पाकीट फार सुंदर हवं होतं, एवढ्यावरून समजून घ्या.

"किती घेशील?" बुवांनी विचारलं.

शिंपिणीची तीन अंडी दोन दिवसांत फुटणार होती. मग पिल्लांना सोडून तिला लांब जाता येणार नव्हतं. पहिल्या आठवड्यालाच चाळीस अळ्या लागणार होत्या. ती मान खाली घालून म्हणाली, "चाळीस अळ्या, बुवा."

"चाळीस!" बुवांचा पिसारा मिटला. "अगं, पान झाडाचं. धागा कोळ्याचा. तुझं त्यात काय?"

"चोच, बुवा."

"ती तर तुझ्याकडे होतीच की! तिला कुठे नवा खर्च आला? माझी भाचीसुद्धा पानं शिवते. हौसेने. फुकट."

"मग तिच्याकडूनच..."

"छे! तिला कुठे नीट येतं!" बुवांनी आवाज मऊ केला. "हे बघ, आपण घरचेच. पाकीट साऱ्या जंगलात जाईल. तुझं नाव होईल."

नाव पिल्लांना भरवता येत नाही, हे शिंपिणीला माहीत होतं. पण ती लाजाळू होती. म्हणून तिच्या तोंडून जगातलं सगळ्यात महाग वाक्य निघालं.

"तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

दुपारपर्यंत पाकीट तयार झालं. वडाचं कोवळं पान, रेशमी टाके, वर हिरवा पिसारा फुलवलेला मोर.

"छान," बुवा म्हणाले. "पण पिसारा जरा मोठा कर."

मग म्हणाले, "हिरवा थोडा कमी हिरवा कर."

मग म्हणाले, "यात काहीतरी कमी आहे. काय, ते तूच शोध."

बारा पाकिटं झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुवा म्हणाले, "पहिलंच बरं होतं."

आणि त्यांनी दोन अळ्या दिल्या.

"दोनच, बुवा?"

"पहिलं तू अर्ध्या दिवसात केलंस. उरलेली अकरा चुकली. त्यांची भरपाई मी मागितली का? नाही. घरचीच आहेस म्हणून."

दोनांतली एक केसाळ होती. केसाळ अळी पिल्लांना चालत नाही.

शेजारच्या फांदीवर एक माकड झोपलं होतं. ते सौंदर्य-सल्लागार होतं. बुवांनी त्याला उठवून पाकीट दाखवलं. माकडाने एक डोळा उघडला. पाकीट उलटं धरलं.

"आता बोलतंय," ते म्हणालं, आणि पुन्हा झोपलं. झोपता झोपता म्हणालं, "दोनशे आंबे."

"एवढंच?" बुवांनी वाकून नमस्कार केला.

सकाळी अंडी फुटली. तीन चोची उघडल्या. अळी एक.

तेवढ्यात कोकीळबुवा आपला अल्बम घेऊन आले. त्यांनी आयुष्यात घरटं बांधलेलं नाही, त्यामुळे शिवणकामातलं त्यांना सगळं कळत असे. शिंपिणीने पानाला चोच लावली नाही. डोळे मिटले. ती भीतीने थरथरत होती. कोकीळबुवांना वाटलं, विचार करतेय.

"तुमच्या गाण्याला पाकीट नकोच," ती म्हणाली. "ते उघडंच शोभेल. शंभर अळ्या. आधी."

कोकीळबुवांनी लगेच मोजून दिल्या. बिनपाकिटाचा अल्बम जंगलात गाजला. सगळे म्हणाले, काय हे धाडस! पिल्लं इतकी जाड झाली की त्यांना उडायला दोन दिवस उशीर झाला.

तात्पर्य : बाळांनो, कष्टाचं फळ गोड असतं, म्हणूनच ते दुसरं कोणीतरी खातं. चोच चालवली तर मजुरी मिळते, डोळे मिटले तर मानधन. आणि दर सांगताना कधीही लाजू नये. मान वर करावी आणि आकडा स्पष्ट सांगावा. आता या गोष्टीचंच घ्या. एवढी नीट लिहिली आहे, तर हिचे मी तुमच्याकडून पूर्ण... आले गं आत्या, आले!