घट्ट आसाईचा फोटो

इस्पितळात फोटोचं यंत्र चालवणाऱ्या वाल्देसीने पुढे केलेल्या ग्लासात ओस्मारिनाबाईंनी डोकावून पाहिलं आणि तो परत त्याच्या हातात दिला.

"हे काय आहे?"

"आसाईचा रस, मावशी. हा प्यायलात की यंत्राच्या फोटोत आतडं नीट दिसतं. औषधच समजा."

"आसाई नाही हे. आसाईचं भांडं धुतलेलं पाणी आहे."

ग्वामा वस्तीत दारावर आसाई मिळते याची खूण म्हणून लाल बावटा लावून बाई छत्तीस वर्षं आसाईची जांभळी फळं घोळून रस विकत होत्या. या विषयात त्यांच्याशी वाद घालायची अख्ख्या बेलें शहरात कुणाची टाप नव्हती. खरं तर त्यांना धास्ती होती ती फोटोची. तीन महिने पोट दुखत होतं, आणि धाकटी बहीण आतड्यातल्या गाठीनेच गेली होती. पण भीती वाटते म्हणण्यापेक्षा रस पातळ आहे म्हणणं सोपं होतं.

शेवटी डॉक्टर तेल्मांनी हात टेकले. "बरं, घरचा आणा. पण साखर नको, आणि काही खायचं नाही."

मुलगी एदिलेन अर्ध्या तासात दुकानातून डबा घेऊन आली. बाईंनी कोपऱ्यात बसून तो मन लावून रिकामा केला आणि तासाभराने त्या यंत्रात जाऊन पडल्या.

काचेमागे डॉक्टर पडद्यावर वाकल्या. मग वाल्देसी वाकला. आतड्यात जिकडेतिकडे ठिपके होते, वीस-पंचवीस तरी.

"गाठी आहेत का?" एदिलेनने विचारलं. ती दारातूनच पडद्याकडे बघत होती.

"एवढ्या एकदम मी कधी पाहिल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी बाईंना बाहेर बोलावलं. "सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही. उपाशी आहे मी."

"नक्की?"

"या वयात खोटं बोलू? आसाई प्यायले, तेवढंच."

"त्यात काही घातलं होतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "नेहमीची फारीन्या फक्त."

वाल्देसीने कपाळावर हात मारला. कंदाचा तो जाडाभरडा, भाजलेला रवा पडद्यावर दिमाखात पसरला होता.

"मावशी, काही खायचं नाही सांगितलं होतं ना?"

"खाल्लं कुठे? फारीन्याशिवाय आसाई कोण पितं रे? तू पितोस?"

वाल्देसी बेलेंचाच, आणि डॉक्टरही. वाद न घालता त्यांनी उद्याची वेळ लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नुसता रस एरंडेल घ्यावं तसा घशाखाली उतरवला. या वेळी फोटोत एकही ठिपका नव्हता. थोडी सूज होती, ती गोळ्यांनी जाणार होती. ते ऐकून बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि बहिणीचं नाव घेऊन पोटभर रडल्या. एदिलेनही रडली. दोघींना तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

मग बाईंनी नाक पुसलं. "कालचा फोटो कुठाय?"

"तो चुकलेला आहे, मावशी. टाकून देणार."

"टाकतोस कशाला? दे इकडे."

आता तो ग्वामाच्या दुकानात चौकटीत टांगलेला आहे. रस पातळ आहे का, असं कुणी गिऱ्हाइकाने विचारलंच, तर बाई त्या ठिपक्यांवर बोट ठेवतात.

"पोटात जाऊन तास झाला होता. एक दाणा तरी बुडालाय का बघ."