परब काका आणि टेम्पोतली शेवटची जागा

परब काका भाजी घेऊन आले की बेल वाजवत नाहीत. जिन्यातूनच ओरडतात, "माल आला! खाली करा!" आतून काकू नुसतं "बरं" म्हणतात आणि दार उघडतात. आम्ही कात्रपला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा मला वाटलं, खाली ट्रक उभा आहे. वाकून पाहिलं, तर काकांच्या हातात मेथीची जुडी.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात होते. रिटायर झाले, पण डिस्पॅच काही सुटलं नाही. सोसायटीच्या पूजेला भटजी वेळेवर आले आणि नारळच राहिला. सत्यनारायण खोळंबलेला, आणि हा माणूस खूश! "बघा, ह्याला म्हणतात सप्लाय चेन तुटणं!"

एकदा मी बोलून गेलो, "लॉजिस्टिक्स म्हणजे शेवटी गाड्याच ना, काका?" झालं!

"गाड्या? अरे बाबा, बाटल्या इथे भरून तयार आणि झाकणं गुजरातेत अडकली, तर काय बोळे लावून पाठवू? बनवणारा बनवतो, विकणारा विकतो. मधे ठेवायचं, भरायचं, न फुटता न्यायचं, लागेल तिथे, लागेल तेव्हा पोचवायचं, ते लॉजिस्टिक्स. वेळेवर पोचलं की आमचं कोणी नाव काढत नाही. उशीर झाला की आमच्या नावाने शंख!"

तर आईला उल्हासनगरहून आमच्याकडे आणायचं ठरलं आणि काका न बोलावता कामाला लागले. बाबा गेल्यावर आई तिथल्या कॅम्पातल्या चाळीत एकटीच होती. यायला तयार नव्हती. "करमलं नाही तर परत जाईन हं," असं तिने शंभरदा बजावलं होतं. मला तीच धास्ती. पुन्हा तिकडे एकटी राहिली तर तिला बघणार कोण?

चाळीसमोर टेम्पो भरताना काकांनी मला पार पिडलं. "उतरल्यावर जे पहिलं लागतं, ते शेवटी भरायचं." म्हणून मी आईची शेगडी शेवटी आणली, तर म्हणाले, "ती पार आत टाक. आणि ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी ठेव." एवढं बोलून स्वतः गायब! मी मनात त्यांना काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही.

आले ते चाळीतल्या शेजारच्या लाजो आंटींना घेऊन. आंटी आईची जुनी मैत्रीण. रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर बसणार, एक मराठीत, एक सिंधी-हिंदीत, आणि बोलणार दोघी एकाच वेळी. काकांनी त्यांना पुढे बसवलं आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. आई, काका आणि मी मागून रिक्षाने.

आमच्या घराच्या दारात आई थबकली. डोळे भरलेले. आंटी तिला ढकलतच आत शिरल्या. "अरी, चाय कौन पिलाएगा? आज तो मैं मेहमान हूँ!" आईला हसूच आलं. लगेच स्वतःची शेगडी शोधायला लागली, आमच्या गॅसवर चहा करायला तयारच नव्हती. शेगडी अर्थात सगळ्या सामानाच्या खाली! शेवटी चहा आणला खालच्या मजल्यावरून परब काकूंनी, आणि किटली ठेवून त्या तिथेच टेकल्या.

मी जिन्यात गेलो तर काका पायरीवर बसलेले. "शेगडी मुद्दाम आत टाकलीत ना?"

ते हसले नाहीत. "आम्ही इथे आलो तेव्हा काचेचा पेलासुद्धा फुटू दिला नाही रे मी. पण आमची ही बुवापाड्याच्या चाळीत वाढलेली. इथे दार लावलं की बोलायला कोण? माझ्या लक्षातच आलं नाही. हळूहळू ती गप्पच झाली."

आत काकू जोरात हसल्या. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता. "उद्या तुम्ही या हं खाली," त्या आईला सांगत होत्या, आणि आई चक्क हो म्हणाली. मला इतकं बरं वाटलं!

"काका, आत चला ना. चहा गार होतोय."

"नको रे. मला बघितलं की ती कप द्यायला उठेल," काका म्हणाले. "बसू दे तिला."