ऊन लागू नये म्हणून

वापर हे वस्तू खराब होण्याचे प्रमुख कारण आहे. (दुसरे कारण म्हणजे लोकांची मुले.) विज्ञानाला ही गोष्ट फार उशिरा कळली. फरीदाबादच्या सुमित्राबाईंना मात्र ती लग्नात आहेर म्हणून आलेल्या काचेच्या कपबश्यांपासूनच ठाऊक होती. तो सेट आजही पूर्ण आहे. त्यातून आजवर कोणी काही प्यालेले नाही.

त्यांचा मुलगा उन्मेष वस्तू खराब होण्याचाच पगार घेत असे. मानेसरच्या एका संशोधन केंद्रात तो कंत्राटावर होता आणि ऑर्गॅनिक सौरपट काळाच्या ओघात कसा नासतो, हा त्याचा विषय होता. हा पट म्हणजे पातळ प्लास्टिकवर छापलेली, उन्हापासून वीज करणारी कार्बनी रसायनांची शाई. वजनाला हलका, गुंडाळला की काखेत मारता येतो. दोष एवढाच, की त्याला हवा सोसत नाही, ओल सोसत नाही, उकाडा सोसत नाही आणि ऊन तर मुळीच सोसत नाही. सौरपटाला ऊन न सोसणे सामान्य माणसाला चमत्कारिक वाटेल. पण दिल्लीत लोकांचा त्रास होणारे जनसंपर्क अधिकारी पुष्कळ आहेत आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेले नाही.

या ऱ्हासाची एक ठरलेली रीत असते. उन्हात बसवल्यावर सुरुवातीलाच पटाचा उत्साह झपाट्याने उतरतो आणि मग उरल्यासुरल्या उत्साहावर तो वर्षानुवर्षे संथपणे चालत राहतो. (केंद्र सरकारच्या सेवेत याला कायम होणे म्हणतात.) आतली दोन द्रव्ये आधी एकजीव असतात, पण वातावरण तापले की आपापले गट करून वेगळी बसतात. उन्मेषने हे सांगताच वडिलांना, म्हणजे अण्णासाहेबांना, ते तत्काळ समजले. ते मराठी मंडळाचे माजी चिटणीस होते.

केंद्राने दसऱ्याच्या सुमारास ‘गृहवातावरणीय ऱ्हास-निरीक्षण उपक्रम’ सुरू केला. म्हणजे प्रत्येक संशोधकाने एक पट घरी नेऊन गॅलरीत टांगायचा आणि त्याची वाट कशी लागते ते पाहायचे. पट रीतसर नासला, तर संशोधक कायम. न नासला, तर पुढच्या उन्हाळ्यात कंत्राट समाप्त. उन्मेषने आपल्या हाताने छापलेला पहिला पट घरी आणला, त्याच्याशी एक छोटा पंखा जोडला आणि आईला सगळे नीट समजावून सांगितले. चूक झाली ती इथे.

“आई, हा ऑर्गॅनिक आहे, म्हणून लवकर खराब होतो. ऊन, हवा, ओल, काहीच चालत नाही त्याला.”

“ऑर्गॅनिक ना? मग होणारच रे,” सुमित्राबाई म्हणाल्या. “तो ऑर्गॅनिक गूळ नाही का आणला होता अण्णांनी? आठ दिवसांत बुरशी. तू काळजी नको करू.”

रसायनशास्त्रात ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनी रसायनांचे बनलेले आणि सुमित्राबाईंच्या स्वयंपाकघरात ऑर्गॅनिक म्हणजे ज्यात रसायने नाहीत ते. दोन्ही अर्थ एकमेकांच्या नेमके उलटे असूनही संभाषण अगदी समाधानाने संपले.

हिवाळा गेला. इतरांच्या घरचे पट समाधानकारकपणे नासत होते. गुरुग्रामचा एक पिवळा पडला. नोएडाचा एक माकडाने नेला. (हा ऱ्हासाचा नवा प्रकार असून त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला जात आहे.) उन्मेषचा पट मात्र होता तसा राहिला. तो दर रविवारी नाश्ता झाला की गॅलरीत जाऊन मोजमाप घेई आणि दर रविवारी आकडा पहिल्या रविवारचाच येई. उत्साह उतरणे नाही, गटबाजी नाही, काही नाही. बाकी दिवशी तो उजाडताच कंपनीच्या बसने मानेसरला जाई आणि अंधार पडल्यावर परत येई. सूर्यावर काम करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदाच सूर्य दिसतो, हे त्या क्षेत्रात सर्वमान्य आहे.

पोरगा झुरू लागला. आपल्या हातचा पहिला पट सुखरूप आहे, या दुःखाने त्याचे जेवण सुटले. “अरे, खराब होत नाहीये तर चांगलंच आहे ना यार,” अण्णासाहेब म्हणाले.

“तो खराब झाला नाही तर माझी नोकरी खराब होते, बाबा.”

अण्णासाहेबांनी थोडा विचार केला आणि “प्रतीक्षा करावी” असा शेरा तोंडी दिला. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ कागद नसत, पण शेरे शिल्लक होते.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी केंद्रप्रमुख नरसिंह सर त्रिसदस्यीय समितीसह घरी हजर झाले. (तिसरा सदस्य ड्रायव्हर होता. त्याचे मत विचारात घेतले गेले नाही.) उन्मेषला त्यांनी केंद्रातूनच गाडीत घेतले होते. जगातला न नासणारा पहिला ऑर्गॅनिक पट सरांना नांदत्या घरात पाहायचा होता.

गॅलरीत पट नव्हता. गॅलरीत कुरडया होत्या. इकडून तिकडे जुन्या धोतरावर पांढऱ्या शुभ्र कुरडया वाळत होत्या. फरीदाबादच्या उन्हाचा असा पूर्ण क्षमतेने झालेला वापर समितीने यापूर्वी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिला नव्हता.

“आई, पट कुठाय?”

“आहे की! थांब, दाखवते यांना.” सुमित्राबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी लोखंडी कपाट उघडले, शालू बाजूला केला, एकात एक घातलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या सोडल्या, तांदळाची पुरचुंडी आणि डांबरगोळ्या दूर सारल्या आणि मऊ सुती कापडात गुंडाळलेला पट तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर बाहेर आणला.

उन्मेषने सुटलेल्या पिशव्या मोजल्या. “अगं, कधीपासून ठेवतेस तिथे?”

“पहिल्या दिवसापासून. रविवारी तुला मोजायचा असतो ना, तेवढा बाहेर टांगते. तूच म्हणालास ऊन लागलं की खराब होतो.” मग त्यांचा आवाज हळू झाला. “तुझ्या हातची पहिली वस्तू रे ती. उन्हात कशी टाकू?”

नोकरी गेली हे उन्मेषला स्पष्ट दिसत होते आणि तरीही आईच्या पाया पडावेसे वाटत होते. त्याचे डोळे भरून आले.

नरसिंह सरांनी पट हातात घेतला, हुंगला आणि पुन्हा कापडात गुंडाळला. “भाभीजी,” ते शेवटी म्हणाले, “ना हवा, ना नमी, ना धूप। तीस साल से हम यही ढूँढ रहे थे। बिल्कुल यही।”

त्यानंतर चहा झाला. तो स्टीलच्या पेल्यांतून देण्यात आला, कारण ही ऑफिसची माणसे होती, पाहुणे नव्हते.

केंद्राने ‘सुमित्रा-पद्धती’ लगोलग स्वीकारली. पानिपतच्या मागांवर सौरपटांसाठी गुबगुबीत दुलया विणण्याचे काम निघाले. प्रत्येक पटासोबत एक दुलई, एक पुरचुंडी आणि ठळक अक्षरांत सूचना: ‘सौरपट उन्हात ठेवू नये.’ ग्राहकांच्या पाहणीत समाधान शंभर टक्के आढळले. तयार झालेली वीज शून्य होती, पण पाहणीत तो प्रश्न नव्हता. उन्मेष कायम झाला. पहिले काही दिवस त्याचा उत्साह झपाट्याने उतरला आणि मग तो स्थिरावला.

जूनमधल्या एका रविवारी भरदुपारी वीज गेली. बाहेर ऊन रणरणत होते आणि घरात तिघे घामाने निथळत होते.

“आई, काढ ना तो पट. पंखा तरी फिरेल,” उन्मेष म्हणाला.

“आता? एवढ्या मोठ्या लोकांनी नावाजल्यावर? कुणी पाहुणे आले की काढू.”

अण्णासाहेब केंद्राकडून आलेले लॅमिनेट केलेले सन्मानपत्र घेऊन वारा घेऊ लागले. सुमित्राबाईंनी ते त्यांच्या हातून काढून घेतले, कारण ते खराब झाले असते. मग त्यांना जुनाच पुठ्ठा मिळाला. उन्मेष कपाटाकडे पाहत राहिला. आत त्याची आयुष्यातली सर्वोत्तम निर्मिती अंधारात, थंडगार आणि सुखरूप होती. आपल्याला असे कुणी कधी जपलेले नाही, असे त्याला प्रथमच वाटले. मग आठवले, की याच आईने जपले आहे, अगदी असेच.

वाचक येथवर हसत आले असतील, तर उत्तम. आता टीव्हीच्या रिमोटवरचे प्लास्टिक एकदा पाहून घ्यावे. आणि कपाटातला तो चांगला सेट पाहुण्यांसाठीच आहे, हेही मान्य. पण तुम्ही इतक्यांच्या घरी जाता, तिथेही कपाटात असाच एक सेट असतो आणि तुमचा चहा स्टीलच्या पेल्यातून येतो. “तुम्ही काय, घरचेच,” असे ते म्हणतात आणि तुम्हाला बरे वाटते. तो सेट काढायला तुम्ही ज्या पाहुण्यांची वाट पाहत आहात, त्यांनाही आत्ता कुठेतरी हेच सांगितले जात आहे.