ओड्वारच्या शेगडीची निष्कलंक काच

आग माणसाने फार पूर्वी शोधली. पण ती कोणत्या काचेमागे ठेवायची, हा प्रश्न लोंबकळतच राहिला होता. त्याचा कायमचा निकाल गेल्या हिवाळ्यात नॉर्वेतल्या आमच्या गावी, माझे शेजारी ओड्वार आणि तुरिद यांच्या घरी लागला. या दांपत्याचे उपकार फेडणे मानवजातीला जड जाणार आहे.

त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीतली जुनी उघडी फायरप्लेस होती. तिची निम्मी ऊब धुराड्यातून थेट आभाळात जाई आणि उरलेली ओड्वारच्या म्हाताऱ्या आईला, म्हणजे गुन्वोरबाईंना मिळे. बाई पाय इतके आत घालून बसत की मोज्यांना करपट वास येई. तेव्हा त्या भोकात बंद दाराची, काचेची लोखंडी शेगडी बसवायची असे ठरले. हेतू एकच होता: आईच्या पायांना ऊब.

खरेदी शास्त्रोक्त झाली. ओड्वार पाठपिशवीत बर्च झाडाचा ओंडका घेऊन दुकानोदुकानी हिंडला आणि मावतो का ते प्रत्येक शेगडीत घालून पाहू लागला. (एका दुकानात त्याला ओंडका चोरल्याच्या संशयावरून थांबवले. ओंडक्यावर आईच्या हातची खूण निघाली, म्हणून सुटला.) शेवटच्या दुकानदाराने आधी महत्त्वाचे विचारले,

"लाकडं रचताना साल वर की खाली?"

"वर," ओड्वार म्हणाला.

"मग बसा. साल खाली ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांशी माझं जमत नाही."

आमच्याकडे या मुद्द्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. तिसरा पक्ष लाकडे उभी रचतो. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

"आणि काच बघा," दुकानदार म्हणाला, "आरशासारखी. लाकूड खडखडीत वाळलेलं असेल, तर काजळीचा ठिपका दिसायचा नाही."

या वाक्याने पुढचा सगळा घोळ घातला.

कारागीर आले, भिंत फोडली, शेगडी बसवली, भिंत पुन्हा बांधली. नगरपालिकेचा धुराडेवाला येऊन "वरून पेटवा, खालून नाही" असे बजावून आणि चार वॉफल खाऊन गेला. उद्घाटनाला अंगणात झेंडा चढला. आम्ही शेजारी केकच्या बशा धरून उभे. गुन्वोरबाई नवे मोजे घालून, पाय पुढे करून बसल्या. ओड्वारने काडी ओढली.

"थांब रे!" तुरिद म्हणाली. "काच बघ ना किती स्वच्छ दिसतेय."

ओड्वारने पाहिले. आम्हीही पाहिले. काडी विझली.

"खरी थंडी पडली की पेटवू," असे ठरले. पारा शून्याखाली दहावर गेला, तेव्हा "ही काय थंडी?" असा खुलासा झाला. मग नाताळचे पाहुणे आले. त्यांना काळी काच कशी दाखवायची? मग ओड्वारने ओल मोजायचे यंत्र आणून लाकडांना टोचले आणि ती अजून एक उन्हाळा वाळायला हवीत असे जाहीर केले. तोवर सोय म्हणून शेगडीच्या डोक्यावर टीव्ही ठेवून त्यावर जळत्या लाकडांचे चित्रण लावले.

"आई, ऊब आली का?"

"आवाज छान येतोय," गुन्वोरबाई पाय टीव्हीकडे वर करून म्हणाल्या.

एका दुपारी त्या उठल्या. ढिगातली लाकडे काढून त्यांनी अंगणातल्या लोखंडी ढकलगाडीत रचली (साल वर), वरून पेटवली आणि बर्फात खुर्ची टाकून पाय शेकत बसल्या. आधी मी गेलो. मग बाकीचे शेजारी सॉसेज घेऊन आले. शेवटी ओड्वार आणि तुरिदही कुडकुडत बाहेर आले. तुरिदने शेकता शेकता खिडकीतून आत पाहिले.

"इथून तर काय सुरेख दिसते आपली शेगडी!"

"दिसते गं बाई," गुन्वोरबाई म्हणाल्या. "सरक जरा, माझा विस्तव अडवू नकोस."

वाचकहो, हसून घ्या. पोटभर हसलात की तुमच्या घरातला, दर वेळी पुसून पुन्हा शोकेसमध्ये ठेवलेला तो चिनी मातीचा कपबश्यांचा सेट एकदा बघा. आणि दर दिवाळीला "अगं, कधी काढायचा तो?" असे विचारणारे जे माणूस तुमच्या घरात होते, त्याने यंदा विचारले का, तेवढे आठवून पाहा.